पडदे बंद, प्रयोग चालू

४ नोव्हेंबर

ही गेली. म्हणजे लेकीकडे गेली. पाठीच्या ऑपरेशननंतर दोन-तीन महिने तिथेच राहायचं ठरलंय, कारण लेकीच्या घराला लिफ्ट आहे आणि आमच्या घरात मी आहे, असं लेक म्हणाली. लेकीला विनोद जमत नाहीत.

डॉक्टरांनी हिला स्पष्ट सांगितलंय, यापुढे वाकायचं नाही. आणि स्ट्रॉबेरीचं काम म्हणजे नुसतं वाकणं. तेव्हा पुढच्या सीझनपासून हिचं पॉलिहाऊस कोणी सांभाळायचं, हा प्रश्न आलाच. एका बाजूला मी. हिचा नवरा, आणि पिकांच्या रोगांवर संशोधन केंद्रात हयात घालवलेला माणूस. दुसऱ्या बाजूला हिचा धाकटा भाऊ, ज्याचं स्वतःचं पॉलिहाऊस आमच्या कुंपणाला लागून आहे आणि ज्याला एकाही रोगाचं शास्त्रीय नाव धड उच्चारता येत नाही. यात प्रश्न कसला? तरी गाडीत बसताना ही एवढंच म्हणाली, हा सीझन तुम्ही बघा, आल्यावर बोलू.

म्हणजे परीक्षा. तोंडाने म्हणाली नाही, पण इतक्या वर्षांच्या संसारात मला न बोललेलं बरोबर कळतं.

गाडीचं दार लावेपर्यंत सूचना चालू होत्या. ऊन आलं की बाजूचे पडदे वर करा, आतली दमट हवा बाहेर जाऊ द्या. सुकलेली फुलं, जुनी पानं, नासकी फळं रोज वेचा, झाकणाच्या बादलीतून लांब नेऊन पुरा. औषध फक्त फुलं आली आणि हवा ढगाळ झाली तरच, आणि दर वेळी वेगळं. अडलं तर भावाला विचारा. मी मान डोलावत राहिलो. राखाडी बुरशीवर परिषदेत निबंध वाचलेला माणूस मी, आणि मला केर काढायला सांगून गेली.

संकल्प. रोज पहाटे पाचला उठणे. रासायनिक औषधाचा एक थेंबही न वापरणे. मेहुण्याला काहीही न विचारणे.

५ नोव्हेंबर

पावणेनऊला उठलो. मोठी जबाबदारी अंगावर घेण्याआधी शरीर विश्रांती साठवून ठेवतं. पाचचा संकल्प उद्यापासून.

७ नोव्हेंबर

पाच ही वेळ मुळातच अशास्त्रीय आहे. झाडाला घड्याळ कळत नाही. संकल्पात दुरुस्ती केली: 'योग्य वेळी उठणे.' तो लगेच पाळला गेला.

पडदे वर करायचा दांडा फार जड फिरतो. ही रोज तो कसा फिरवायची कोण जाणे. तिची पाठ दांड्यानेच गेली असणार. आल्यावर सांगेन.

९ नोव्हेंबर, दुपार

आज मुद्द्याला हात घातला.

राखाडी बुरशी म्हणजे महाकावेबाज प्रकरण. फुलातून आत शिरते आणि गप्प बसते. फळ मोठं होतं, लाल होतं, आपण खुश होतो, आणि मग एक दिवस त्याच्यावर राखाडी लव उगवते. अडाणी लोक तिच्यावर औषध मारतात. पुन्हा मारतात. आणखी मारतात. शेवटी तिला ते पचायला लागतं. त्यापेक्षा तिच्यावर दुसरी बुरशी सोडायची, हा माझा मार्ग. तिला ट्रायकोडर्मा म्हणतात, सोप्या भाषेत मित्रबुरशी. रंगाने हिरवी. ती आधी जाऊन जागा अडवते, शत्रूचं अन्न खाते आणि वेळ पडल्यास शत्रूलाही खाते.

आणि माझ्याकडची जात साधीसुधी नाही. केंद्राच्या कुंपणामागच्या मातीतून मी ती स्वतः वेगळी काढली. तिची चाचणी झाली. तेव्हाच्या प्रमुखांनी अहवालावर लिहिलं, परिणाम उल्लेखनीय नाहीत. त्यांनी ज्या वाफ्यांवर चाचणी घेतली ते वाफेच भिकार होते, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पुढे मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. घ्यायला लावली असं दोघातिघांनी पसरवलंय. त्यांना मी क्षमा केलेली नाही.

ती जात मी निघताना एका काचनळीतून घरी आणली. फ्रिजच्या दारात, हिच्या डोळ्यांच्या थेंबांशेजारी, इतकी वर्षं जपून ठेवली. अधूनमधून तिला नवीन खाऊ घालत होतो. हिने एकदा विचारलं होतं, हे काय आहे? मी म्हणालो, माझं आयुष्य. ही म्हणाली, मग ते जरा मागे सरकवा, दुधाची पिशवी बसत नाही.

१० नोव्हेंबर

कुकरमध्ये तांदूळ वाफवून, थंड करून, पिशव्यांत भरून त्यावर मित्रबुरशी सोडली. कुकरच्या झाकणाची रिंग गेली. ओट्यावर, डब्यांवर, गॅसच्या बटणांवर तांदळाचा चिकटा झालाय. संशोधनाची किंमत घराला मोजावी लागते. बाहेरून ब्रेड आणून खाल्ला.

१६ नोव्हेंबर

पिशव्या हिरव्यागार. बघून भरून आलं, खोटं कशाला लिहू. प्रमुख आज असते तर त्यांच्या नाकाखाली धरल्या असत्या.

संध्याकाळी पहिली फवारणी केली. सगळ्या ओळींवर मारलं, फक्त दाराजवळची एक ओळ सोडली. तिला काहीही करायचं नाही. शास्त्रात याला नियंत्रण म्हणतात. उपचार केला तर काय होतं हे कळायला, न केलेलंही शेजारी लागतं. मेहुण्याच्या पॉलिहाऊसमध्ये अशी एक तरी ओळ दाखवा.

मित्रबुरशीला जम बसवायला ओलावा लागतो. म्हणून आजपासून पडदे खाली. दांड्याचा प्रश्नही सुटला.

२१ नोव्हेंबर

मेहुणा कुंपणावरून डोकावला. दाजी, पडदे का पाडलेत, आत कपडे वाळत घातलेत का, म्हणाला. मी त्याला ओलावा, बीजाणू, जागेची स्पर्धा असं सगळं नीट समजावलं. तो मान खाजवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, पण दाजी, ओलावा राखाडीलाही आवडतो ना? 

हा अर्धवट ज्ञानाचा दुष्परिणाम. ओलावा दोघींना आवडतो हे मलाही माहीत आहे. पण माझी तिथे आधी पोचली आहे. त्याला म्हणालो, तू तुझं बघ. तो गेला. जाताना आमच्या पडद्याकडे दोनदा वळून बघितलं. त्याचा डोळा आहे या पॉलिहाऊसवर. हिने गाडीत बसताना 'भावाला विचारा' म्हटलं, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

२४ नोव्हेंबर

जुनी पानं, सुकलेली फुलं वेचायला आज बसलो. अर्धी ओळही झाली नाही तोच गुडघे बोलायला लागले. उठून उभा राहिलो आणि तेव्हाच मोठी गोष्ट ध्यानात आली. मित्रबुरशी राहते कुठे? मेलेल्या पानांवरच. ती वेचून टाकणं म्हणजे आपल्याच सैन्याची छावणी मोडणं. ही इतकी वर्षं नेमकं तेच करत आली. वेचणी आजपासून बंद.

तोडणीला येणाऱ्या बायकांनाही सांगितलं, फक्त पिकलेली फळं तोडा, बाकी कशाला हात लावू नका. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. मला वाटतं त्या प्रभावित झाल्या.

२८ नोव्हेंबर

हिचा फोन. पाठ बरी आहे, पट्टा टोचतो, जावई फार बोलतो. मग विचारलं, पडदे?

मी म्हणालो, पडद्यांवर माझं पूर्ण लक्ष आहे. यात एक अक्षर खोटं नाही.

१ डिसेंबर

कमालीचा दिवस. फळं टपोरी, लाल, चकचकीत. केकवाल्याला माल पाठवला. हा पहिल्यापासून हिच्याचकडून घेतो, दुसऱ्या कोणाकडे बघत नाही. त्याने स्वतः फोन करून सांगितलं की यंदा रंग छान आहे. आत्तापर्यंतच्या सगळ्या अपमानांवर फुंकर घातली गेली.

जातीला नाव द्यायला हवं. माझं आडनाव देणं बरं दिसणार नाही. फक्त आद्याक्षरं द्यावीत.

२ डिसेंबर

आडनावच द्यावं.

६ डिसेंबर

मधल्या ओळीत एका फळावर राखाडी लव. एकाच. ही नोंद पूर्णपणे तटस्थ बुद्धीने करतो आहे. शत्रू मरण्याआधी एकदा तोंड वर काढतो.

७ डिसेंबर

तोंड बऱ्याच ठिकाणी वर काढलंय.

८ डिसेंबर

आनंदाची बातमी. मेहुण्याकडेही बुरशी आली. हा गडी दर आठवड्याला एकाच निळ्या पाकिटातलं औषध मारत होता, आता बुरशी त्या औषधाला दाद देत नाही. मी कुंपणाशी जाऊन सहानुभूती व्यक्त केली. बराच वेळ केली. एकच औषध सारखं वापरलं की बुरशीतले जे मरत नाहीत त्यांचीच पुढे प्रजा वाढते, हे मी त्याला मागच्या वर्षीच सांगणार होतो, असं सांगितलं.

तो म्हणाला, हो, चुकलं माझं, ताईला फोन केला होता, तिने दुसऱ्या जातीचं औषध सांगितलंय, आणि आज सगळी बायकामाणसं लावून सडकं वेचून काढतोय. तुम्हालाही चार माणसं देऊ का?

चुकलं माझं. किती सहज म्हणाला. ज्यांना अभ्यास नसतो त्यांना चूक कबूल करायला काहीच पडत नाही. माणसं नको म्हणालो.

११ डिसेंबर

तोडणीवाल्या बायकांपैकी एकीने आत येऊन सांगितलं, फळाला हात लावला की धूर निघतो. ते बीजाणू आहेत, धूर नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, असतील, पण नाकात जातात. मग तिघी दाराजवळच्या ओळीपाशीच तोडत बसल्या. तिथे वारा येतो म्हणे. माझी खुर्चीही तिथेच आहे, फोनला रेंज तिथेच मिळते म्हणून मी दार दिवसभर उघडं ठेवतो.

पुन्हा फवारणी केली. दुप्पट प्रमाणात. पडद्यांच्या कडाही विटा ठेवून बंद केल्या, कुठून तरी ओलावा निसटत असणार.

१३ डिसेंबर

केकवाला स्वतः आला. सकाळी फळं चांगली होती, संध्याकाळी फ्रिज उघडला तर प्रत्येक फळाला दाढी आलेली, म्हणाला. एका लहान मुलीच्या वाढदिवसाचा केक त्याला ऐन वेळी फळांशिवाय द्यावा लागला. मी त्याला फ्रिजचं तापमान विचारलं. त्याच्या फ्रिजमध्ये दोष असू शकतो, हे मी सौम्य शब्दांत सुचवलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग ताई कधी येणार आहेत, एवढंच विचारून गेला.

मला अपमान नवीन नाहीत. पण हिच्या गिऱ्हाइकाने हिच्या दारात उभं राहून माझ्याकडे असं बघावं, याने मात्र जेवण गेलं नाही.

१४ डिसेंबर, सकाळ

काल पूर्ण विचार केला. तत्त्व वेगळं आणि डावपेच वेगळे. युद्धात मित्रपक्ष घ्यावे लागतात. हिच्या कपाटात औषधाची बंद पाकिटं आहेत. त्यातलं सगळ्यात जहाल उचललं. एकाच पंपात माझी मित्रबुरशी आणि हिचं बुरशीनाशक. संयुक्त आघाडी. असा प्रयोग आजवर कोणी का केला नसावा, याचं आश्चर्य वाटतं.

१४ डिसेंबर, दुपार

फवारून झालं. पंपाच्या नळीतून माझ्याच पाठीवर गळत होतं. दाराजवळची ओळ या वेळीही सोडली. शास्त्राशी बेइमानी नाही.

१५ डिसेंबर

लेकीचा व्हिडिओ कॉल. मी उत्साहाच्या भरात संयुक्त आघाडीबद्दल सांगून बसलो. लेकीचा शेतीशी काही संबंध नाही, ती दिवसभर कॉम्प्युटरपुढे असते. तिने दोन क्षण विचार केला आणि म्हणाली, बाबा, पण तुमची मित्र पण बुरशीच ना? मग बुरशीनाशक तिला का सोडेल?

प्रश्न वरवरचा आहे.

१५ डिसेंबर, संध्याकाळ

पाकीट पुन्हा वाचलं. सर्व प्रकारच्या बुरशींवर प्रभावी, असं मोठ्या अक्षरात छापलंय. छापील गोष्टींवर किती विश्वास ठेवायचा.

खाली बारीक अक्षरात हेही आहे की फवारल्यावर आठवडाभर फळ तोडायचं नाही. तोडणीच्या बायकांना परत पाठवलं. त्यांनी कारण विचारलं नाही. यायचंच नसावं त्यांना.

१६ डिसेंबर

फ्रिजमधली काचनळी काढून बघितली. तीत पुष्कळ आहे अजून. हवं तेव्हा पुन्हा वाढवता येईल. मी जरा वेळ ती हातात धरून बसलो होतो. हे लिहिण्याचं काही कारण नाही, दिवसभरात दुसरं काही घडलं नाही एवढंच.

१९ डिसेंबर

अत्यंत महत्त्वाचं निरीक्षण. दाराजवळची ओळ, जिला मी काहीही केलेलं नाही, ती निरोगी आहे. पानं ताठ, फुलं स्वच्छ, फळं लाल, एकावरही डाग नाही. बाकीच्या ओळींत जाववत नाही. फळं तोडायची बंदी आहे, त्यामुळे ती जागच्या जागी पिकून, फुटून, राखाडी गोळे होऊन लटकतायत. वास येतो.

याचं स्पष्टीकरण एकच. माझ्या उपचाराचा परिणाम हवेतून वाहत दारापर्यंत पोचला आणि तिथे साठला. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ती ओळ नियंत्रण राहिलीच नाही. ती उपचारित ओळ झाली. तशी नोंद करतो. आणि बाकीच्या ओळी? त्यांना आता नियंत्रण म्हणता येईल.

असं मांडलं तर निकाल उल्लेखनीय आहेत.

२० डिसेंबर

हिने फोटो मागितले. दाराजवळच्या ओळीचे पाठवले. खोटं नाही, फळं आपल्याच पॉलिहाऊसची आहेत. ही खुश झाली. आवाजावरून कळलं. फार दिवसांनी हिने मला 'छान केलंत' म्हटलं. मी किती तरी वेळ फोन कानालाच धरून होतो, पलीकडून ठेवला गेल्यावरही.

२१ डिसेंबर

ही म्हणाली, आता आतल्या ओळींचे पाठवा. त्याच ओळीचे दुसऱ्या बाजूने काढून पाठवले. खाली बसून, झाडं मोठी दिसतील असे.

२२ डिसेंबर

ही म्हणाली, आणखी आतले.

खुर्ची हलवून तिसऱ्या बाजूने काढले. हिचं उत्तर आलं नाही. रेंज नसेल.

२४ डिसेंबर

हिचा फोन नाही. मी केला तर लेकीने उचलला. म्हणाली, आईने सगळे फोटो मोठे करून बघितले. प्रत्येक फोटोत मागे तोच दाराचा कडी-कोयंडा आहे. 

मी लेकीला म्हणालो, एकाच दाराला अनेक बाजूंनी बघता येतं. लेक म्हणाली, बाबा, आई सामान भरतेय. डॉक्टर नको म्हणतायत, मी नको म्हणतेय, ऐकत नाहीये. तुम्ही तरी खरं सांगून टाका म्हणजे ती प्रवासात तळमळणार नाही.

सांगणार होतो. शब्दांची जुळवाजुळव करेपर्यंत लेकीने फोन ठेवला.

२५ डिसेंबर

संकल्प. उद्याच्या उद्या सगळं साफ करणे. पहाटे पाचला उठणे.

२६ डिसेंबर

साडेआठला उठलो. ही अकराला आली.

२६ डिसेंबर, संध्याकाळ

सगळं क्रमाने लिहितो. मन हलकं होतं म्हणतात.

गाडीतून उतरून ही घरात आलीच नाही. पट्टा बांधलेला, एक हात भावाच्या खांद्यावर, सरळ पॉलिहाऊसकडे. मी पुढे होऊन दार उघडायला गेलो, पण ते उघडंच होतं. ही दाराजवळच्या ओळीपाशी थांबली. बघितलं. मला विचारलं, इथे काय केलंत?

काहीच नाही, मी म्हणालो. शास्त्रीय प्रामाणिकपणा.

ही म्हणाली, मग तेवढंच सगळीकडे करायचं होतं.

मग आत गेली. मी मागोमाग जात समजावत होतो, की यंदाची हवा कशी विपरीत होती, की ओलाव्याचं गणित कुठे बिघडलं, की दोन्ही बुरशींचं... ही मध्येच म्हणाली, पडदे वर करा आधी. दांडा शोधला. जागेवर नव्हता. तोडणीच्या बायकांनी कुठे ठेवला असेल असं मी म्हणालो. भावाने विटा बाजूला केल्या, दोन्ही हातांनी खालून पडदा धरला आणि तसाच गुंडाळत वर नेला. बाहेरचा वारा आत आला आणि सगळीकडून ती राखाडी पूड उठली. हिच्या केसांवर, पट्ट्यावर, माझ्या चष्म्यावर. ही खोकत राहिली. खोकताना पाठीला हात लावत होती.

मधल्या ओळीत एक झाड होतं, त्यावर एखाददुसरं फळ बरं होतं. ही ते तोडायला वाकायला गेली. अर्ध्यावर थांबली. तशीच थांबली, वरही येईना, खालीही जाईना. मी त्या वेळी नळीतल्या गळतीबद्दल सांगत होतो. मला वाटतं मी बोलायचं थांबून तिला धरायला हवं होतं. भावाने धरलं. तिला सरळ केलं, आणि मग त्याने स्वतः वाकून ते फळ तोडून तिच्या हातात दिलं.

ही माझ्या खुर्चीत बसली. म्हणाली, पाठ दुखली तर गोळी घेता येते. तुमच्या बोलण्यावर काय घेऊ? रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. रडली असती तर समजावता आलं असतं. ती नुसती आत बघत बसली. तिने एकेक वाफा स्वतः भरलेलं ते पॉलिहाऊस, पहिल्या वर्षी तर पाणी बाहेरून डोक्यावर आणून घालत होती. मी तेव्हा केंद्रात होतो. मला महत्त्वाची कामं होती.

बाकीच्या ओळी उपटून टाकाव्या लागणार. दुपारी तिने भावाला तसं सांगितलं. मला सांगितलं नाही.

२७ डिसेंबर

ही स्वयंपाकघरात गेली आणि लगेच बाहेर आली. ओटा अजून थोडा हिरवा आहे. मग पुन्हा आत गेली. तिने कोपराने गॅसचं बटण फिरवलं.

२८ डिसेंबर

मेहुणा माणसं घेऊन आला. दिवसभर झाडं उपटणं चाललं होतं. मी कुंपणाशी उभा होतो. मदत करणार होतो, पण कोणी काही म्हणालं नाही.

दुपारी तो पाणी प्यायला माझ्याजवळ आला. मी त्याला स्पष्टच विचारलं, आता तर मनासारखं झालं ना? पॉलिहाऊस तुझं झालं. माझी परीक्षा घेतली, मी नापास.

तो गोंधळला. म्हणाला, कसली परीक्षा? ताईने ऑपरेशनच्या आधीच मला बसवून सांगितलं होतं. पॉलिहाऊस दाजींनाच द्यायचं, तू मनात काही धरू नकोस. केंद्र सुटल्यापासून घरात नुसते बसून असतात, आतल्या आत कुढतात, त्यांच्या हाताला आपलं असं काहीतरी हवं. मी म्हणालो, ताई, मला एक सांभाळता सांभाळता पुरे होतंय, मला कुठे दुसरं हवंय. ठरलंच होतं ते, दाजी.

मग 'आल्यावर बोलू' असं का म्हणाली, मी विचारलं.

तो म्हणाला, गाडीवाला हॉर्न वाजवत होता म्हणून असेल.

मी म्हणालो, आणि आता? त्याने पेला खाली ठेवला, तोंड पुसलं. आता ताई म्हणते, तू घे.

२९ डिसेंबर

काही नाही.

३० डिसेंबर

हिला विचारलं, हे खरं का. ही म्हणाली, हो. मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलंस. म्हणाली, आल्यावर निवांत सांगणार होते. तुमचा चेहरा बघायचा होता.

मी म्हणालो, सांगितलं असतंस तर मी असं काही केलं नसतं, साधे पडदे वर केले असते, केर काढला असता. ही म्हणाली, खरं? मी हो म्हणणार होतो. ही वाट बघत होती. मला हो म्हणता आलं नाही.

३ जानेवारी

मेहुणा आला होता. नवी रोपं पुढच्या आठवड्यात येतायत. म्हणाला, ताई म्हणते दाजींना बरोबर घे, घरात बसू देऊ नकोस. याल का?

मी विचारलं, सल्लागार म्हणून?

तो जरा ओशाळला. म्हणाला, नाही, म्हणजे, जुनी पानं वेचायला माणूस लागेल.

माझं शिक्षण, माझा अनुभव, माझी वर्षं, हे सगळं त्याला सांगायला तोंड उघडलं. समोर खिडकीत ही बसली होती, पट्टा बांधून, ऐकत नसल्यासारखं करत. विचार करून सांगतो, म्हणालो.

तो बरं म्हणून निघाला. कुंपणापर्यंत पोचलाही होता. मी मागून हाक मारली आणि 'येतो' म्हणालो.